खालिद जमीलचा रस्ता कोल्हापुरातून जातो का?

पत्र

सर, नमस्कार. मी कोल्हापूरचा, वय ३०. चौदाव्या वर्षापासून पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळतोय, स्टॉपर बॅकला, म्हणजे बचावात मधोमध. शाहू स्टेडियमवर आमची मॅच असली की घरच्यांपेक्षा गल्लीला जास्त टेन्शन असतं, हे वेगळं सांगायला नको. गेल्या हंगामात उजव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात. मंडळातले म्हणतात, पट्टी बांधून हा एक हंगाम काढ. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे, हातात अठरा हजार पडतात. दोन वर्षांपूर्वी कोचिंगचं डी लायसन्स केलं. रविवारी तालमीच्या बारक्या पोरांना शिकवतो आणि खरं सांगायचं तर आता खेळण्यापेक्षा त्यातच जीव रमतो. खालिद जमील भारताच्या फुटबॉल संघाचे कोच झाले तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय, की आपल्यातला माणूस तिथवर जाऊ शकतो. पुण्याच्या एका अकॅडमीने बावीस हजारांवर फुलटाइम बोलावलंय. बायको म्हणते, गोल झाल्यावर शिट्ट्या मारणारे घरभाडं भरायला येत नाहीत. मी भारताकडून तर सोडाच, महाराष्ट्राकडून संतोष ट्रॉफीसुद्धा खेळलेलो नाही. नोकरी सोडावी का? आणि त्या वाटेने जायचं तर सुरुवात कुठून करू?

— एक स्टॉपर बॅक, कोल्हापूर

उत्तर

नमस्कार. तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण पत्रात तीन आहेत. तिसरा गुडघ्याचा. तो शेवटी घेतो, कारण त्याचं उत्तर सगळ्यात लहान आहे.

आधी वहिनींच्या वाक्याबद्दल. त्या फुटबॉलच्या विरोधात बोलत नाहीत, हिशोबाच्या बाजूने बोलतायत, आणि हिशोब त्यांचा बरोबर आहे. त्यामुळे पुढे मी जे लिहितोय ते दोघांनी मिळून वाचा. एकट्याने वाचून, त्यातलं सोयीचं तेवढंच घरात सांगू नका.

आता खालिद जमील. १ ऑगस्ट २०२५ ला त्यांची नेमणूक जाहीर झाली. १७० अर्ज आले होते आणि शेवटच्या यादीत तीन नावं उरली होती. तेव्हा बहुतेक ठिकाणी बातमी अशी आली की तेरा वर्षांनी भारतीय संघाला भारतीय कोच मिळाला. तुमच्या मनाने पकडलं ते हे टोक. मला तुम्हाला त्याच्या आधीची वर्षं दाखवायची आहेत, कारण तुमच्या कामाचं जे काही आहे ते तिथे आहे.

जमील यांचा जन्म १९७७ चा, कुवेतमधला, पंजाबी कुटुंबातला. आखाती युद्धाच्या सुमारास कुटुंब भारतात आलं आणि पुढचं सगळं फुटबॉल मुंबईत झालं. महिंद्र युनायटेड, मग एअर इंडिया, परत महिंद्र. मिडफिल्डर म्हणून ते भारताकडूनही खेळले. २००७ मध्ये नव्याने निघालेल्या मुंबई एफसीत गेले, पण दुखापतींनी तिथे त्यांचा खेळ थांबवला आणि २००९ मध्ये त्याच क्लबने त्यांना कोच केलं. डेव्हिड बूथसारख्या मुरलेल्या इंग्रज कोचनंतर बत्तीस वर्षांचा, अनुभव नसलेला माणूस.

इथून पुढची सात वर्षं बघा. २००९ ते २०१६. मुंबई एफसी हा पैशाने मध्यम, नावाने लहान क्लब. समोर मोहन बागान, ईस्ट बंगाल, गोव्याचे डेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स. मुंबईतल्या कूपरेज मैदानाचं काम चालू होतं तेव्हा तर घरचे सामने पुण्याला बालेवाडीत. त्या सात वर्षांत ट्रॉफी नाही, विजेतेपदाची हवासुद्धा नाही. काम एकच: हंगाम संपताना संघ खालच्या लीगमध्ये घसरलेला नसावा. ते त्यांनी दरवर्षी केलं. मागे दाट उभं राहायचं, मधे जागा द्यायची नाही, बॉल मिळाला की लांब आणि वेगात. बघायला काही फार देखणं नव्हतं. जाणकार म्हणवणारे नाकं मुरडत, अजूनही मुरडतात. पण स्टॉपर बॅकला यातली मेहनत कळायला हरकत नसावी.

सात वर्षांत क्लबने त्यांना हलवलं नाही आणि त्यांनीही क्लब सोडला नाही. भारतीय फुटबॉलमध्ये ही गोष्ट किती दुर्मीळ आहे ते तुमच्या तालमीतच मोजा. दोन सामने हरल्यावर कोच बदलण्याच्या बैठका कुठल्या कट्ट्यावर होतात ते तुम्हाला माहीत आहे.

२०१६ मध्ये मुंबई एफसीने त्यांना निरोप दिला. ते गेले मिझोरामला, ऐझॉल एफसीकडे. हा क्लब आदल्याच हंगामात आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमधून, खाली घसरलेला. गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतलं म्हणून ऐझॉलला परत आत घेतलं गेलं, नाहीतर जमील यांना लीगच मिळाली नसती. बरोबर त्यांनी मुंबईतली पाहिलेली पोरं नेली. जयेश राणे, आशुतोष मेहता ही नावं तुमच्या लक्षात असतील. गोलात गोव्याचा अल्बिनो गोम्स, मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल अमना, त्याच्या मागे लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान, आणि बाकी मिझोरामची तुफान पळणारी पोरं.

२२ एप्रिल २०१७ ला ऐझॉलमध्ये मोहन बागानला १-० हरवलं, गोल झोमिंगलियाना राल्तेचा. तो तुमच्याच जागेवरचा खेळाडू, स्टॉपर. मग ३० एप्रिलला शिलाँगमध्ये शेवटचा सामना, शिलाँग लाजाँगशी. बरोबरी पुरेशी होती. नवव्या मिनिटाला लाजाँगच्या दिपांडाने गोल केला आणि सगळं अधांतरी लटकलं, कारण तिकडे बागानचाही सामना त्याच वेळी चालू होता आणि तो बागानने जिंकलाही. उत्तरार्धात विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. १-१. ऐझॉल ३७ गुण, बागान ३६. ईशान्य भारतातला पहिला आय-लीग विजेता.

याच हंगामात तळाला राहून लीगबाहेर गेलेला संघ कोणता, तर मुंबई एफसी. सात वर्षं जो संघ घसरला नाही तो जमील गेल्यावर पहिल्याच वर्षी घसरला. तुम्ही कोच व्हायचं म्हणताय ना, मग त्या सात वर्षांचं मोल कुणी मोजलं नाही असं समजू नका. मोजलं गेलं, फक्त ते गेल्यानंतर.

आता तुमच्यासारख्या तिशीतल्या माणसाला वाटतं की चॅम्पियन झालं म्हणजे पुढचा रस्ता डांबरी. तसं काही झालं नाही. ईस्ट बंगालने मोठ्या अपेक्षेने नेलं, लीगमध्ये चौथा नंबर आला, २०१८ च्या सुपर कपच्या फायनलला बंगळूरूकडून ४-१ हार, आणि एका हंगामात गाशा गुंडाळला. २०१९ च्या सुरुवातीला मोहन बागान, तेही हंगामाच्या मध्यात, काही महिन्यांपुरतं. मग ज्याच्या नावावर आय-लीग आहे असा हा माणूस नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये सहायक प्रशिक्षक म्हणून गेला आणि तिथल्या अकॅडमीकडेही बघू लागला. परदेशी कोच वर, हे खाली. तो कोच गेला की काही सामने हे सांभाळणार, नवा परदेशी आला की परत बाजूच्या खुर्चीत.

जानेवारी २०२१ मध्ये जेरार्ड नुस यांना काढलं आणि संघ पुन्हा जमील यांच्या हातात आला. लीगचे उरलेले सामने संघ एकही हरला नाही, तिसऱ्या नंबरावर जाऊन बसला. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, संघाला प्लेऑफपर्यंत नेणारा पहिला भारतीय कोच. मग कुठे त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये त्यांना कायम केलं, आणि कायम केल्यावर पुढच्या हंगामात संघ अकरांत दहावा आला. त्यानंतर वरच्या लीगमध्ये नसलेला बंगळूरू युनायटेड, तिथून २०२३ च्या अखेरीस जमशेदपूर. २०२४-२५ मध्ये जमशेदपूरला त्यांनी सेमीफायनलला आणि सुपर कपच्या फायनलला नेलं. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा वर्षातला सर्वोत्तम कोच हा मान लागोपाठ दोनदा मिळाला. मग भारतीय संघ.

म्हणजे पहिल्यांदा कोच झाल्यापासून भारताचा कोच होईपर्यंत सोळा वर्षं. त्यात वाजतगाजत गेलेली किती? मी दोन किंवा तीन धरेन. बाकीची सगळी तुमच्या रविवार सकाळसारखी.

तुम्ही लिहिलंत की आपल्यातला माणूस तिथवर जाऊ शकतो. इथे मला तुमचं थोडं मन मोडायला लागणार आहे. जमील भारताकडून खेळलेले आहेत. त्यांच्या आधीचे भारतीय कोच, गोव्याचे साव्हियो मदेरा, हे तर भारताचे कॅप्टन होते. वरच्या पातळीवर खेळलेल्या माणसाला फोन उचलणारी माणसं असतात. पहिली नोकरी त्याला ज्या दाराने मिळते ते दार तुमच्यासाठी उघडं नाही, आणि ते उघडं आहे असं सांगणारा कुणी भेटला तर त्याला कोर्सची फी भरायच्या आधी चहा पाजून वाटेला लावा.

पण तीन नावांच्या त्या यादीत स्टीफन कॉन्स्टंटाइन हेही होते. इंग्लंडचा हा माणूस खेळाडू म्हणून कुणाला फारसा माहीत नव्हता आणि गुडघ्याच्या दुखापतीने त्याचा खेळ ऐन विशीत संपला. कोच म्हणून नेपाळ, भारत, मलावी, सुदान, रवांडा अशी जगाची वारी करत तो दोनदा आपला कोच झाला. दुसऱ्या खेपेला संघाला त्याने जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरात आणलं आणि २०१९ च्या आशियाई कपची पात्रता मिळवून दिली. आणि त्याहून मागे जायचं तर आपल्या फुटबॉलचे सर्वांत मोठे कोच, हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शाळामास्तर. १९५१ आणि १९६२ चं एशियाडचं सोनं त्यांचं, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकचा चौथा नंबरही त्यांचाच. त्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारणारा नेव्हिल डिसूझा मुंबईच्या मैदानांवरचा. म्हणजे न खेळलेल्याचा रस्ता बंद नाही. लांब आहे, आणि त्यावर तुम्हाला ओळखीऐवजी काम दाखवत जावं लागेल.

बरं, गेलात तिथवर. मग काय असतं तेही ऐका. मदेरांच्या हाताखाली भारताने डिसेंबर २०११ मध्ये दिल्लीत दक्षिण आशियाई देशांचा सॅफ चषक जिंकला, फायनलला अफगाणिस्तानला चार गोल घातले. मार्चमध्ये काठमांडूला एएफसी चॅलेंज कप या आशियाई स्पर्धेचे तिन्ही सामने हरले आणि त्यांचा कारभार तिथेच आटोपला. सॅफपासून चार महिनेसुद्धा झाले नव्हते. त्यांच्या आधी आर्मांडो कुलासो. डेंपोला पाचदा राष्ट्रीय विजेता करणारा गोव्याचा हा कोच राष्ट्रीय संघावर टिकला ते २०११ मधले काही महिने.

जमील यांचंच बघा. सूत्रं घेतली तेव्हा आयएसएलचा नवा हंगामच अधांतरी होता. पहिली स्पर्धा मध्य आशियातली, मोहन बागानने आपले खेळाडू सोडले नाहीत. तरी पहिल्याच सामन्यात ताजिकिस्तानला त्यांच्या घरी २-१ हरवलं आणि ८ सप्टेंबरला ओमानसारख्या कितीतरी वरच्या संघाला पेनल्टीवर नमवून तिसरा नंबर. लोकांनी डोक्यावर घेतलं. १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर आपल्या छांगटेच्या गोलने पुढे असताना सिंगापूरकडून २-१ हार, आशियाई कपची आशा संपली. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडून १-०. दोन महिन्यांत तोच माणूस, तीच पद्धत, आणि तीच माणसं विचारायला लागली की हा एवढा मागे का बसतो.

राष्ट्रीय कोचला वर्षातून काही आठवडे खेळाडू मिळतात. क्लबच्या कोचसारखं रोज मैदानावर उभं राहून एखाद्या पोराचा डावा पाय सुधारणं त्याच्या वाट्याला येत नाही. तुम्हाला तर पोरांना शिकवण्यात मजा येते म्हणता. मग त्या खुर्चीवर बसून तुम्ही सुखी व्हाल का, याचा एकदा विचार करा. माझ्या मते तुमचं ध्येय राष्ट्रीय संघ नसून, चारपाच वर्षं कुणी हात न लावता तुमच्या ताब्यात देईल असा एक संघ हे असायला हवं. चौदा वर्षांखालचा असला तरी चालेल. किंबहुना तोच असावा.

आता पुण्याच्या बावीस हजारांकडे येऊ. अठरा आणि बावीस यातला चारचा फरक पुण्यातलं भाडं पहिल्याच महिन्यात खाऊन टाकेल, हे वहिनींनी तुम्हाला आधीच सांगितलं असणार. तरी मी लगेच नाही म्हणणार नाही. अकॅडमीला फोन करून विचारा: तुमची पोरं वर्षाला लीगचे किती सामने खेळतात? महासंघाची अकॅडमी म्हणून मान्यता आहे का? माझ्याकडे एकच वयोगट वर्षभर राहील की फी भरणाऱ्या बॅचेस सकाळ-संध्याकाळ बदलत राहतील? वरच्या लायसन्सच्या कोर्सला सुट्टी आणि फीचा काही भाग देणार का, आणि ते लिहून देणार का? सध्या बऱ्याच अकॅडम्या म्हणजे सोसायटीतल्या मुलांचा संध्याकाळचा दीड तास आहे. त्यात वाईट काही नाही, पोटापाण्याला ठीक आहे. पण तिथे सामनेच नसतात, आणि सामन्याशिवाय कोच शिकत नाही. हरल्यावर सोमवारी तीच पोरं समोर उभी राहतात आणि आज यांच्याशी काय बोलायचं हे कळत नाही, तिथे खरं शिक्षण सुरू होतं. उत्तरं गुळमुळीत आली तर फौंड्री सोडू नका. नीट आली तर मला परत लिहा.

लायसन्सचं थोडक्यात. डी झालं, पुढे सी, बी, ए आणि प्रो, ही सगळी आशियाई महासंघाची. प्रत्येक पायरीच्या मधे काही काळ संघ शिकवल्याचा अनुभव दाखवावा लागतो, त्यामुळे पाठोपाठ परीक्षा देऊन कुणी वर पोचत नाही, आणि ते बरंच आहे. कोर्सच्या तारखा आणि फी राज्याची वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आणि अखिल भारतीय महासंघ जाहीर करतात, तिथलाच ताजा आकडा धरा. फी पायरीगणिक वाढत जाते. महिन्याला दोन हजार बाजूला टाकायला आजपासून लागा, वेगळ्या खात्यात, वहिनींच्या नावाने. सेशन प्लॅन, म्हणजे सरावाचा आराखडा, इंग्रजीत लिहायचा सराव करा. भाषेने अडलेले चांगले कोच आपल्या भागात खूप आहेत आणि ते अडणं फुकटचं आहे.

आणखी एक. मुख्य कोच हीच एक नोकरी नाही. व्हिडिओ बघून प्रतिस्पर्ध्याचा खेळ मांडणारा, गोलकीपरचा कोच, फिटनेस बघणारा, पोरं शोधणारा, ही सगळी आता पगाराची कामं आहेत. बाजूच्या खुर्चीचा कमीपणा मानू नका.

सुरुवात कुठून, तर जिथे आहात तिथूनच. कोल्हापूरसारखं गाव महाराष्ट्रात दुसरं नाही. पेठापेठांचे संघ, भरलेलं स्टेडियम, हंगामापुरते परदेशी खेळाडू आणायची ऐपत. पण सगळा पैसा आणि सगळा जीव मोठ्या संघावर. बारक्यांचा कोच म्हणजे रविवारी जो मोकळा असेल तो. अनिकेत जाधवसारखा इथला पोरगा २०१७ ला भारताकडून सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला, पण त्यासाठी त्याला गाव सोडून पुण्याला जावं लागलं. ही जी मोकळी जागा आहे ना, ती तुमची आहे.

तालमीच्या अध्यक्षांकडे जा आणि चौदा वर्षांखालचा संघ तीन वर्षांसाठी मागा. मानधन मागू नका असं मी म्हणणार नाही. थोडं का होईना, मागा. फुकटच्या माणसाचं कुणी ऐकत नाही. त्याबरोबर बॉल मागा, पोरामागे एक. दहा पोरांत दोन बॉल घेऊन जे चालतं त्याला रांगेत उभं राहणं म्हणतात. आठवड्याला तीन दिवस, फौंड्रीच्या शिफ्टप्रमाणे सकाळी किंवा संध्याकाळी. केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या) लहान गटांच्या स्पर्धा असतील त्या खेळाच, पण शाळांशी, इचलकरंजी-सांगलीच्या संघांशी बोलून महिन्याला दोनतीन मैत्रीचे सामने स्वतः ठरवा. पोरांच्या आयांचे फोन नंबर घ्या. पोरगं प्रॅक्टिसला का आलं नाही याचं खरं कारण आईलाच माहीत असतं.

आणि एक वही. शाहू स्टेडियमवर पुढची मॅच असेल तेव्हा आपल्या पोरांच्या घोळक्यात बसू नका. वर, कोपऱ्यात, जिथून अख्खं मैदान दिसतं तिथे एकटे बसा आणि पूर्ण वेळ फक्त एका संघाचा लेफ्ट बॅक बघा. बॉल कुठे आहे ते बघायचं नाही. हा पुढे जातो तेव्हा त्याच्या मागची जागा कोण भरतं? बॉल उजवीकडे असताना हा किती आत येतो? समोरचा विंगर दोनदा बाजूने निसटल्यावर हा तिसऱ्यांदा काय बदलतो, की काहीच बदलत नाही? थकल्यावर आधी काय सुटतं, पाय की डोकं? पहिल्यांदा अर्ध्या तासात तुमची नजर बॉलकडे पळेल, गोल झाला की तुम्ही उठून उभे राहाल. हरकत नाही, पुढच्या मॅचला परत बसा. पुढच्या वेळी स्टॉपर घेऊ नका, तो तुम्हाला येतो. गोलकीपर घ्या. एका हंगामात अशी वही भरली तर सी लायसन्सच्या वर्गात शेजारी बसलेल्या नावाजलेल्या खेळाडूपेक्षा तुमच्याकडे सांगायला जास्त असेल. खेळलेल्याने मैदान आतून पाहिलेलं असतं, बाहेरून बघायची गरज त्याला उशिरा पडते. तुम्हाला ती आजच आहे.

तीन वर्षांनी काय झालं म्हणजे बरोबर चाललंय असं समजायचं, हे वहिनी नक्की विचारतील. माझं माप असं: सी झालेलं असावं, बीसाठी अर्ज करण्याइतका अनुभव कागदावर असावा, तुमच्या हाताखालची दोन पोरं कुठल्या तरी मोठ्या अकॅडमीच्या किंवा जिल्ह्याच्या संघात गेलेली असावीत, आणि निदान एका बाहेरच्या माणसाने तुमचं काम बघून तुम्हाला बोलावलेलं असावं. यातलं काहीच झालं नसेल तर फौंड्रीत बढती घ्या आणि रविवारचं शिकवणं चालू ठेवा. त्यात हरण्यासारखं काही नाही, पण नोकरी सोडायची भाषा मग बंद.

राहिला गुडघा. कोच झालात तरी पोरांना उभं राहून, वळून, धावून दाखवायचं आहे, आणि तेही पुढची वीस वर्षं. लिगामेंट नसलेल्या गुडघ्यावर पट्टी बांधून स्टॉपरला खेळलात तर एखाद्या वळणावर गुडघ्यातली गादीही जाईल, मग ऑपरेशन मोठं होईल आणि बरं होणं लांबेल. पट्टी बांध म्हणणारे मंडळातले त्या दिवशी स्ट्रेचर उचलतील, बिल नाही. पगार एकवीस हजारांच्या आत असेल तर फौंड्रीतर्फे तुमचं ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, असायला हवं. त्यात ऑपरेशन बसतं, आणि आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या सत्तर टक्के मिळतात. एचआरमध्ये जाऊन कार्ड चालू आहे का ते सोमवारीच विचारा. ऑपरेशननंतर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष धरा, फिजिओ मधेच सोडायचा नाही. हा हंगाम खेळायचा नाही. वही भरायला तो मोकळाच आहे.